तांदळातलं नाव

सुप्रभा आठल्येला राग आला की ती भांडी घासायची. घरात डिशवॉशर होता, पण राग काही डिशवॉशरला लावता येत नाही. मे महिन्यातल्या त्या रविवारी कॉव्हेंट्रीतल्या आपल्या स्वयंपाकघरात तिने स्वच्छ पातेली पुन्हा काढून घासायला घेतली, आणि रवीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्यात काही वावगं दिसलं नाही. तो बर्फ न्यायला आला, बर्फ घेतला, आणि गेला.

बाहेर तिची नणंद नाव ठरवत होती. रेखाताई खास त्यासाठी मिल्टन कीन्सहून गाडी हाकत आल्या होत्या. रवीपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, आणि आईच्या मागे घरातले सगळे कुळाचार आपल्याच शिरावर आहेत असं मानणाऱ्या. पुढच्या शनिवारी मिहीरचं लग्न होतं. मिहीर हा रवी-सुप्रभाचा एकुलता एक मुलगा, ब्रॅकनेलला आयटीत. मुलगी वेल्श वंशाची, जन्माने कॉव्हेंट्रीची, नाव लाउरी प्रोबर्ट, फिजिओथेरपिस्ट. लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. ते नवं नाव काय असावं, याची ही बैठक होती.

"मिहिका," रेखाताई म्हणाल्या. "मिहीर-मिहिका. ऐकायला किती छान वाटतं बघ. आणि ते लाउरी काय, लॉरी आल्यासारखं वाटतं."

"इट्स गॉर्जस," लाउरी म्हणाली. तिने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा तर अगदी बरोबर जमलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

स्वयंपाकघरात सुप्रभाच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये आपटलं. "काय पडलं गं?" रवीने बाहेरून विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. चाळीस वर्षं तिचं हेच उत्तर होतं.

तिचं नाव सुप्रभा नव्हतं. म्हणजे पासपोर्टवर होतं, सर्जरीच्या, म्हणजे तिच्या दवाखान्याच्या, पाटीवर होतं, चोवीस वर्षं तिच्याकडे आलेल्या हजारो पेशंटच्या तोंडी तर डॉक्टर अथेली, डॉक्टर अॅथल, डॉक्टर ए असं काहीबाही होतं. पण सांगलीला जन्मली, मिरजेला डॉक्टर झाली ती शशी दामोदर खांबेटे. दामोदर खांबेटे शाळेत गणित शिकवायचे. पहिली मुलगी झाली तेव्हा घरातल्या बायकांनी सुचवलेली देवीची सगळी नावं बाजूला सारून त्यांनी स्वतः हे नाव ठेवलं. शशी. दोन अक्षरं, सुटसुटीत, मुलाचं म्हणा की मुलीचं. "तुला लांबण लावायला आवडणार नाही," ते तिला म्हणायचे, आणि ते खरं निघालं.

मग आठल्यांचं स्थळ आलं. मुलगा भूलतज्ज्ञ, इंग्लंडच्या हॉस्पिटलात नोकरी. लग्न झालं, लक्ष्मीपूजनाला ताट आलं, आणि सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "रवी आणि शशी एका घरात कसे नांदायचे? एक उगवला की दुसरा मावळणार. आमच्या रवीला सुप्रभा हवी." सगळे हसले. वऱ्हाड हसलं, भटजी हसले, नवरा मुलगा लाजून हसला. शशीने वडिलांकडे पाहिलं. तेही हसत होते. मुलीच्या बापाला त्या मांडवात हसण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं हे तिला पुढे समजलं. पण त्या दिवशीचं ते हसणं तिने कधी माफ केलं नाही, आणि ते गेले तेव्हाही ते मनात होतंच. मग तिने स्वतःही हसून घेतलं, कारण नवरीने रुसून बसलेलं बरं दिसत नाही.

पुढचं सगळं रवीने हौसेने केलं. राजपत्रात नाव बदललं, पदवीला प्रतिज्ञापत्र जोडलं, व्हिसा काढला. त्याला कोणी वाईट म्हणू नये. त्याने बायकोवर कधी आवाज चढवला नाही, तिला परीक्षा द्यायला लावल्या, मिहीर लहान असताना रात्रपाळ्या घेऊन दिवसा त्याला सांभाळलं. फक्त एक गोष्ट होती. इतका खटाटोप करून जे नाव तिच्यावर चढवलं, त्या नावाने त्याने तिला एकदाही हाक मारली नाही. 'अगं.' चाळीस वर्षं, 'अगं'. अगं चहा, अगं किल्ल्या, अगं ऐकलंस का. वापरायचं नव्हतं तर बदललंत कशाला, असं तिला विचारावंसं वाटायचं. सोन्यासारखं नाव मोडून दागिना घडवला आणि तो कपाटात टाकून दिला. पण तोंडात मूग धरून बसायची सवय एकदा लागली की मूग मुरतात.

तिचं जुनं नाव एकाच माणसाने जपलं होतं. सांगलीचा तिचा भाऊ, दादा. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "शशे, जेवलीस का?" एवढंच विचारायचा आणि मग दोघं अर्धा तास बोलत बसायची. गेल्या डिसेंबरात दादा गेला. ती धावत सांगलीला गेली, तेराव्यापर्यंत थांबली, रडली नाही. परतीच्या विमानात एअर होस्टेसने "मिसेस अथेली, चिकन ऑर व्हेज?" विचारलं, आणि तिच्या एकदम लक्षात आलं की आता आपल्याला शशी म्हणणारं माणूस पृथ्वीच्या पाठीवर उरलेलं नाही. तेव्हा ती रडली. हवाई सुंदरीने घाबरून दोन्ही ताटं आणून ठेवली.

म्हणून 'मिहिका' ऐकल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि म्हणून ती पातेली.

जेवायला बसले तेव्हा तिच्या वाट्याला लाउरीचे वडील आले. ग्विन प्रोबर्ट, कॉव्हेंट्रीच्या शाळेतले निवृत्त इतिहासशिक्षक. भला माणूस, पण स्वतःच्या आडनावाच्या विषयावर भयंकर. मिहीरने आईला आधीच बजावलं होतं: "आई, त्यांना सरनेमबद्दल अजिबात विचारू नको हं. टू अवर्स जातील. लास्ट ख्रिसमस माझी गेली होती." सुप्रभाने काही विचारलं नव्हतं. तिने फक्त कोथिंबीर वडी पुढे केली होती.

"तुमच्या मिहीरचं मधलं नाव रवी आहे ना?" ग्विन इंग्रजीत म्हणाले. "म्हणजे वडिलांचं. आमचंही असंच होतं, माहीत आहे? वेल्समध्ये आडनावं नव्हतीच."

आणि मग सुरू झालं. ऐकायला ते कंटाळवाणं नव्हतं, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. वेल्श भाषेत 'अप' म्हणजे 'चा मुलगा'. रॉबर्टचा मुलगा हवेल असेल तर तो हवेल अप रॉबर्ट. त्याचा मुलगा रीस, तर तो रीस अप हवेल. पिढी बदलली की नाव बदलायचं, आणि माणूस खानदानी असेल तर सात-सात पिढ्या एका दमात सांगायचा. मग इंग्रजी राज्य आलं, इंग्रजी कोर्टकचेऱ्या आल्या, आणि त्यांना ही लांबलचक माळ झेपेना. एकच आडनाव घ्या आणि तेच पोरांना द्या, असा दंडक पडत गेला. ज्या पिढीपाशी माळ तुटली त्या पिढीच्या बापाचं नाव वंशाला कायमचं चिकटलं. अप हवेलचे पॉवेल झाले, अप रीसचे प्राइस, अप ह्यूचे प्यू, आणि अप रॉबर्टचे प्रोबर्ट.

"म्हणजे कुणीतरी एक रॉबर्ट होता," ग्विन म्हणाले. "वेल्समधल्या मॉन्मथशरच्या डोंगरात कुठेतरी. त्याच्याकडे गाई होत्या की शेळ्या, भला होता की बदमाश, काही म्हणजे काही ठाऊक नाही. त्याचं नाव मात्र आम्ही चारशे वर्षं वाहतोय. गुरं हाकणाऱ्यांबरोबर ते लंडनला गेलं, कोळशाबरोबर ऱ्होंडाच्या खाणीत उतरलं, बोटीत बसून अमेरिकेला पोचलं. खाणी बंद पडल्या तेव्हा माझे आजोबा इथे मोटारींच्या कारखान्यात आले. त्या काळी आमच्या गल्लीत निम्मी घरं वेल्श. प्रोबर्ट, पॉवेल, प्राइस, सगळे कुणाच्या ना कुणाच्या बापाची नावं घेऊन हिंडणारे. आणि आमची खरी नावं?" त्यांनी हातातली वडी हवेत हलवली. "एका कंटाळलेल्या कारकुनाने तोडली. कुणी आम्हाला विचारलं नाही. मला अजूनही राग येतो."

त्यांचे डोळे खरंच पाणावले होते. चारशे वर्षांपूर्वीच्या कारकुनावर एवढा राग धरणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"आणि मुलींचं काय?" सुप्रभाने विचारलं.

"कसल्या मुली?"

"रॉबर्टला मुलगी असेल. तिला काय म्हणायचे?"

"अं, वेर्ख. म्हणजे 'ची मुलगी'. आमची लाउरी त्या काळी असती तर लाउरी वेर्ख ग्विन झाली असती." हे सांगताना ते खुलले. "आणि गंमत म्हणजे, लग्नानंतरही बायकांचं नाव बदलायचं नाही. बाई मरेपर्यंत आपल्या बापाच्याच नावाने. नवऱ्याचं नाव लावायची पद्धत इंग्रजांची. तीही आम्हाला त्यांनीच चिकटवली."

"मग तुमच्या वंशवृक्षात किती वेर्ख आहेत?"

ग्विननी वडी खाली ठेवली. "फारशा नाहीत. बायकांची नावं सापडत नाहीत हो. 'अमक्याची बायको', एवढंच असतं."

तिथेच ते घडलं. इतकी वर्षं मुरलेलं सगळं वर आलं, आणि तेही कुणासमोर, तर मुलीच्या बापासमोर, ताटावर.

"ग्विन," ती म्हणाली, आणि पेशंटला सिगारेट सोडायला सांगतानाचा तिचा तो हळू, स्पष्ट आवाज होता, "चारशे वर्षांपूर्वी कुणी तुमचं नाव तोडलं म्हणून तुम्ही आज रडता. येत्या शनिवारी माझ्या घरात तुमच्या मुलीचं नाव तोडणार आहेत. आडनाव नाही, तिचं स्वतःचं नाव. तुम्ही ठेवलेलं. आणि तुम्ही वड्या खाताय."

लाउरी आणि मिहीर हॉल बघायला गेले होते, पण रेखाताई होत्या, रवी होता.

"मला वाटलं ती एक सुंदर प्रथा आहे," ग्विन पुटपुटले. "लाउरी म्हणाली, तिला एक नाव भेट मिळणार आहे."

"भेट," सुप्रभा म्हणाली.

"अगं, पाहुणे आहेत," रवी मराठीत म्हणाला.

"दिसतायत मला."

"एवढं काय त्यात? फॉर्मॅलिटी असते ती. तांदूळ असतात, दुसऱ्या दिवशी त्यांचा भात होतो. तुझं नाही का बदललं? तू काही म्हणालीस?"

याचं उत्तर सापडायला शनिवार उजाडला. त्या आठवड्यात तिने घरातलं प्रत्येक भांडं घासलं, खोलीत शिरून दार लावून घेतलं, रेखाताईंचे तीन फोन उचलले नाहीत. एकदा लाउरीला मेसेज लिहिला आणि पुसला. दुसऱ्याच्या मुलीच्या आनंदात आपली जुनी जळमटं कशाला घालायची, असंही तिला वाटायचं. ती पोरगी इतकी खूश होती. तिने मिहिका नावाचं लॉकेटही करायला टाकलं होतं म्हणे.

लग्न थाटात झालं. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर तपासायचे आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसायचे; मंत्र स्वच्छ म्हणत आणि वेळेवर संपवत. संध्याकाळी घरची माणसं आठल्यांच्या दिवाणखान्यात लक्ष्मीपूजनाला जमली. जूनजवळचा, रात्री नऊपर्यंत रेंगाळणारा लख्ख उजेड होता, बागेत कुणीतरी अजून फोटो काढत होतं. ताट आणायचा मान सासूचा. सुप्रभाने चांदीच्या ताटात तांदूळ पसरले, तळहाताने एकसारखे केले, आणि ताट नवरानवरीसमोर ठेवलं. कधीकाळी तिच्यासमोर ठेवलेलं तेच हे ताट. सासूबाईंनी ते तिलाच दिलं होतं.

"चल मिहीर, लिही," रेखाताई म्हणाल्या. "मि-हि-का. पाठ केलंयस ना?"

"पूर्ण वीक प्रॅक्टिस केली, आत्या," मिहीर म्हणाला. त्याने अंगठी उचलली.

"एक मिनिट," सुप्रभा म्हणाली. ती खाली गालिच्यावर बसली, नव्या साडीची पर्वा न करता. "अहो, लिहायच्या आधी एक सांगा. याच ताटात तुम्ही माझं नाव लिहिलंत. त्याच्या आधी माझं नाव काय होतं?"

"आता हे काय मध्येच?" रवी हसला. सगळ्यांकडे बघत हसला, त्या दिवशी मांडवात हसला होता तसाच.

"सोपा प्रश्न आहे."

"अगं, माहीत आहे मला." त्याने चष्मा काढला, पुसला. "शशिकला. शशिकला खांबेटे."

रेखाताईंनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत होतं.

सुप्रभाला वाटलं होतं, तो बरोबर सांगेल आणि मग आपण भांडू. भांडणाची पूर्ण तयारी करून ती आली होती. याची तयारी नव्हती. ज्या माणसाने राजपत्रात ते नाव खोडलं, प्रतिज्ञापत्रावर ते लिहून खाली सही केली, त्याला आपण काय खोडलं तेही आठवत नव्हतं.

"शशी," ती म्हणाली. "नुसतं शशी. माझ्या वडिलांनी दोनच अक्षरं दिली होती. तेवढीही तुम्हाला सांभाळता आली नाहीत."

गुरुजींनी हलकेच पोथी मिटली. मग ती लाउरीकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी तुला विचारते. हे नवं नाव आलं की जुनं जातं. माझं गेलं. तुला मिहिका हवं असेल तर माझी ना नाही, मी स्वतः पेढे वाटेन. पण समजून घे."

लाउरीने आधी मिहीरकडे पाहिलं, मग दारापाशी उभ्या असलेल्या वडिलांकडे. "मला वाटलं, हे जास्तीचं आहे," ती सावकाश म्हणाली. "आमच्याकडे चर्चमध्ये आणखी एक नाव देतात ना, तसं. एक काढून घेतात हे मला कुणी सांगितलंच नाही." तिचा चेहरा लाल झाला होता. "नो. आय डोन्ट वॉन्ट दॅट. सॉरी, आत्या."

"अगं पण असं कसं? ताट मांडलंय," रेखाताई म्हणाल्या. "काहीतरी लिहायला तर हवं. गुरुजी, तुम्ही सांगा."

"नाव लिहायचं असतं," गुरुजी म्हणाले. "नवंच पाहिजे असं माझ्या पोथीत तरी नाही."

मिहीर अंगठी धरून तसाच बसला होता. "आई," तो कानाशी येऊन म्हणाला, "मला लाउरी मराठीत लिहिता येत नाही. मी फक्त ते दुसरं शिकलोय."

तेव्हा सुप्रभाने त्याचं बोट धरलं. पाच वर्षांचा असताना याच घरात, पाटावर रवा पसरून, तिने असंच बोट धरून त्याला अक्षरं गिरवायला लावली होती. ला. उ. री. वेलांटी जरा लांब गेली आणि ताटाच्या काठाला लागली. तिने तिथे थांबू दिलं नाही. पुढे लिहायला लावलं: ग्विन प्रोबर्ट. एवढी अक्षरं त्या ताटात आधी कधी मावली नसतील.

ग्विन पुढे आले, ओणवे झाले, आणि न वाचता येणाऱ्या त्या अक्षरांकडे बघत राहिले. "यात मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. तिने बोटाने दाखवलं.

पेढे वाटले. रेखाताईंनी घेतला, पण खाल्ला नाही. रुमालात बांधला आणि त्या उजेडातच मिल्टन कीन्सला निघाल्या. निघताना दारात म्हणाल्या, "आईने हे बघितलं असतं तर."

"बघायला हवं होतं त्यांनी," सुप्रभा म्हणाली.

नवरानवरी हॉटेलवर जायला निघाली. लाउरी नमस्काराला वाकली, मिहीरने शिकवलं होतं तशी, आणि म्हणाली, "गुड नाइट, आई."

"तुमच्यात सासूला काय म्हणतात?"

"नावाने हाक मारतात," लाउरी म्हणाली, आणि जरा घाबरली. "पण मिहीर म्हणाला, तुमच्यात ते उद्धटपणाचं असतं."

"असतं," सुप्रभा म्हणाली. "तू मार."

कुठलं, असं लाउरीने विचारलं नाही. "गुड नाइट, शशी," ती म्हणाली.

गाडी गेली. सुप्रभा स्वयंपाकघरात आली आणि चांदीचं ताट घासायला घेतलं. तांदूळ तिने एका डब्यात काढून ठेवले होते. त्यांचा भात होणार नव्हता. मागून रवी आला. फ्रिजपाशी उभा राहिला.

"अगं," तो म्हणाला.

ती वळली नाही.

"अगं, ऐकतेस ना?"

तिने नळ थोडा मोठा केला. ती दोन अक्षरं त्याच्या तोंडून यायची होती. बाहेर अजून उजेड होता आणि ताट घासायला ती हवा तेवढा वेळ घेणार होती. आज पहिल्यांदा, उत्तर द्यायची पाळी तिची नव्हती.